तिथी नसलेली भेट

‘अतिथी’ या शब्दाची जुनी फोड आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. ज्याच्या येण्याला तिथी नाही, तो अतिथी. आता वरवंडकरांना तिथी असलेले पाहुणे चांगले माहीत आहेत. आषाढी वारीत तुकोबांची पालखी यवतहून निघते, इथे मुक्काम करते आणि पुढे उंडवडीकडे जाते. स्वयंपाक किती, पाणी किती, सगळं आधी ठरवता येतं. पण त्याच सोलापूर रस्त्यावर एखाद्या रात्री मोटारसायकल घसरते आणि कुणीतरी पडलेलं असतं. त्याची तिथी कुठल्या पंचांगात सापडायची? आज आपल्याला बोलायचं आहे ते या दुसऱ्या भेटीबद्दल. ख्रिस्ती माणूस तिला ‘देवाने दिलेली संधी’ म्हणतो. या म्हणण्याचा नेमका अर्थ काय?

लूकच्या शुभवर्तमानातल्या दहाव्या अध्यायातला दाखला घेऊ. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी एकाला अर्धमेला करून टाकलं. मग एक याजक त्या वाटेने येतो. तो ‘योगायोगाने’ आला, असं लूक सांगतो. त्यासाठी वापरलेला ग्रीक शब्द सबंध नव्या करारात फक्त याच एका ठिकाणी येतो. गंमत बघा, देवाने पाठवलं असं म्हणायची इतकी सोयीची जागा, आणि तिथे शब्द आहे योगायोग!

योगायोग म्हणजे काय, यावर ॲरिस्टॉटलने ‘फिजिक्स’मध्ये एक साधं उदाहरण दिलं आहे. एक माणूस वेगळ्याच कामासाठी बाहेर पडतो, तिथे त्याला त्याचा देणेकरी भेटतो आणि पैसे वसूल होतात. दोघेही आपापल्या हेतूने आले होते. त्यांची गाठ मात्र कुणी ठरवलेली नव्हती. म्हणजे कारणं आहेत, पण भेटीचा हेतू कुणाचाच नाही. याजक, लेवी आणि शोमरोनी, तिघेही असेच आपापल्या कामाने त्या वाटेवर होते. योगायोग तिघांना सारखाच मिळाला. संधी मात्र एकालाच दिसली.

इथे एक धोका आहे आणि तो भक्त माणसालाच जास्त असतो. ‘देवाने याला माझ्यासाठी पाठवलं’ असं आपण म्हणतो, तेव्हा त्याचं दुखणं आपल्या पुण्याचं साधन होऊन बसतं. त्याला मार बसला कशासाठी? तर आम्हाला प्रेम दाखवता यावं म्हणून! हे निर्दय आहे, आणि दाखल्यात तसं कुठेही म्हटलेलं नाही. लुटारू देवाने पाठवले, असा एक शब्द तिथे नाही. तेव्हा ‘देवाने दिलेली’ हे विधान आपण घटनेच्या कारणाबद्दलचं समजू नये. ते आपल्यावर आलेल्या मागणीबद्दलचं आहे. हा पडला का, याचं उत्तर त्यात नाही. आता मी काय करायचं, याचं आहे.

याचं ठळक उदाहरण इथून जवळच, केडगावला आहे. पंडिता रमाबाईंनी तिथली जमीन घेतली ती शारदा सदनाला फळबागेचं उत्पन्न मिळावं म्हणून. १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग. इतक्या जणींना शहरात ठेवता येईना. त्यामुळे बागेच्या जागेवर मुक्ती सदन उभं राहिलं. रमाबाईंचे स्वतःचे आई, वडील आणि बहीण १८७० च्या दशकातल्या दुष्काळात गेले होते. भूक म्हणजे काय हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. दुष्काळ मुक्तीसाठी पडला, असं त्यांच्यासमोर म्हणायची आपली हिंमत होईल का?

त्यांच्याच आत्मकथनातला एक प्रसंग या विषयाच्या मुळाशी जातो. १८८३ साली त्या इंग्लंडमध्ये वाँटेजच्या जोगिणींकडे राहत होत्या. लंडनमधल्या फुलहॅमला त्यांनी समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी चाललेलं काम पाहिलं. ही माणसं अशा बायकांची काळजी का घेतात, असं त्यांनी एका जोगिणीला विचारलं. उत्तरादाखल तिने योहानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. याकोबाची विहीर, भर दुपार, दमलेला येशू आणि पाणी भरायला एकटीच आलेली बाई.

या गोष्टीत आधी मागतो कोण? येशू. प्यायला पाणी दे, म्हणतो. यहुदी पुरुषाने शोमरोनी बाईकडे पाणी मागावं, याचंच तिला नवल वाटतं. आपण मात्र ‘प्रेम दाखवण्याची संधी’ म्हटलं की स्वतःला दात्याच्या पाटावर बसवतो. विहिरीवर तसं झालं नाही. ज्याला द्यायचं होतं, तोच तहानलेला होता. भेट दोन्ही बाजूंनी होते, असं आमचं मत आहे. नाहीतर तो नुसता दानधर्म.

आणि पुष्कळदा या भेटीचं पुढे काय झालं, ते देणाऱ्याला कळतही नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांना राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपियन प्रवाशाने नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ ला टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्या प्रवाशाचं नावही टिळकांना माहीत नव्हतं.

आता व्याख्यानानंतर हमखास येणारा प्रश्न : दिसेल त्याच्यासाठी थांबायचं म्हटलं, तर आमची कामं कोण करणार? रास्त आहे. शिवाय रस्त्यावर पोलिसांच्या चौकशीची भीती. भीतीपुरतं सांगायचं, तर २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने कलम १३४अ आणलं. अपघातग्रस्ताला सद्हेतूने मदत करणाऱ्याला त्यात संरक्षण आहे, आणि नाव-पत्ता सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. कायदेपंडित अशा माणसाला ‘गुड समॅरिटन’ म्हणतात. लूकमधला शोमरोनी असा थेट आपल्या महामार्गावर आला आहे.

कामाचं उत्तरही दाखल्यातच आहे. शोमरोन्याने जखमा बांधल्या, त्याला स्वतःच्या जनावरावर घातलं, उतारशाळेत आणलं आणि रात्रभर सांभाळलं. दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. जास्त खर्च झाला तर परत येताना देईन, असं त्याने सांगितलं आणि तो पुढच्या प्रवासाला लागला.