लेखणीची पकड आणि आखूड दाणे

1952 साली मुंबईत भरलेल्या जागतिक टेबल टेनिस स्पर्धेत जपानच्या हिरोजी सातो यांनी, लेखणीसारख्या धरलेल्या बॅटीवर जाड स्पंज चढवून, पुरुष एकेरीचे अजिंक्यपद हस्तगत केले, तेव्हापासून लाकडावर काय चिकटवावे हा प्रश्न या खेळात लाकडाइतकाच गहन झाला. आणि 1959 मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघास स्पंज-रबराची एकत्रित जाडी कमाल 4 मिलिमीटर मुक्रर करावी लागली.

2018 च्या राष्ट्रकुल सुवर्णविजेत्या संघातील मधुरिका पाटकर यांच्या ठाण्यात, अथवा कल्याण-डोंबिवलीत, ज्या हौशी खेळाडूस ही लेखणीची पकड आणि बाहेरच्या बाजूस आखूड दाणे असलेले रबर आवडते, त्याने एवढे ध्यानी घ्यावे, की दाणे चेंडूस चिकटत नाहीत, म्हणून प्रतिपक्षाच्या फिरकीचा उपद्रव कमी होतो, परंतु स्वतःची फिरकीही त्याच मानाने घटते. सपाट, त्वरित फटका हेच त्यांचे खरे बळ. सबब ब्लेड, म्हणजे रबराखालची फळी, किंचित ताठ असावी. हिनोकी या जपानी लाकडाची एकसंध फळी जपानी परंपरेतली, पण पाच थरांची अधिक सोयीची, असे माझे मत. पावसाळ्यात खाडीकाठच्या दमट हवेत गुळगुळीत रबर घसरते, तेव्हा दाणे बरेच इमानी ठरतात.

1996 चे ऑलिंपिक विजेते लिऊ गुओलियांग दर्शनी बाजूस असेच दाणे ठेवीत, मागे मात्र गुळगुळीत रबर. शेवटी, विकत आणलेल्या बॅटीच्या मुठीची कडा तर्जनीस टोचत असल्यास ती बारीक पॉलिश पेपरने बिनदिक्कत घासावी; दुकानदार हे सहसा सांगत नाही.