फुफ्फुसांतील व्रणवस्तू आणि भक्षकपेशी

कोरडा कास आणि जिना चढताना लागणारा श्वास घेऊन साठीचा रुग्ण आला, की आपण तमकश्वास समजून औषध देतो. आमच्याही हातून हे घडले आहे. अशा रुग्णाच्या पाठीच्या खालच्या भागी स्टेथोस्कोप ठेवावा. श्वास आत घेताना वेल्क्रोची पट्टी सोडविल्यासारखा चरचर आवाज आल्यास तंतुमयतेची शंका धरावी.

या व्याधीत व्रणरोपण थांबतच नाही. वायुकोशांच्या अस्तरास वारंवार इजा झाली, की रक्तातील मोनोसाइट तेथे येऊन भक्षकपेशी बनतात. त्या मृत पेशी उचलतात, हे हितकरच. परंतु त्याच टीजीएफ-बीटा हे द्रव्य स्रवून फायब्रोब्लास्टना चेतवितात. कोलॅजेन साठत जाते, मृदू फुफ्फुस कठीण होते.

मग प्रतिकारशक्ती दडपली की झाले? तसे नाही. कारण न सापडणाऱ्या प्रकारात, म्हणजे आयपीएफमध्ये, प्रेडनिसोन, अझाथायोप्रिन व एन-ॲसिटिलसिस्टीन हे त्रिकूट घेणाऱ्यांत मृत्यू अधिक झाल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत दिसले. पिरफेनिडोन व निंटेडॅनिब ऱ्हासाचा वेग मंदावतात. झालेली व्रणवस्तू पुसत नाहीत.

कबुतरांची विष्ठा वा बुरशी यांमुळे होणाऱ्या प्रकारात लसिकापेशींचा सहभाग मोठा असतो. तेथे निदानपरिवर्जन हीच पहिली चिकित्सा. म्हणून घराच्या सज्जाची, कूलरची चौकशी करावी. काढ्यास आमची ना नाही, पण एचआरसीटी व छातीरोगतज्ज्ञाचा सल्ला त्यापायी लांबू नये. औषधालयचालकांनीही महिनोन्महिने खोकल्याचे औषध नेणाऱ्या गिऱ्हाइकास पुढची बाटली देण्यापूर्वी वैद्याकडे पाठवावे.