हलके विमान आणि पाणी

तंजावर म्हटले की मराठी वाचकास भोसले राजे आणि सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. त्या ग्रंथालयातील ताडपत्रांचा जो शत्रू, तोच त्या प्रदेशात उभ्या असलेल्या विमानाचाही शत्रू होय. तो म्हणजे हवेतील ओल. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात भाताची खाचरे पाण्याने भरलेली असतात, बंगालचा उपसागर ऐंशी किलोमीटरांच्या आत आहे, आणि ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत ईशान्य मोसमी पाऊस पडतो. तंजावरची धावपट्टी १९४० साली, महायुद्धाच्या काळात तयार झाली. २०१३ पासून तेथे भारतीय हवाई दलाचे केंद्र असून २०२० पासून सुखोई विमानांची तुकडी आहे. ती धावपट्टी हौशी उड्डाणांसाठी नव्हे. तथापि, एकदोन माणसे बसतील एवढे हलके विमान हौसेने बाळगणाऱ्यास पाण्याची किती काळजी घ्यावी लागते, हे समजून घेण्यास तंजावरच्या हवेइतके चांगले उदाहरण मिळणार नाही.

आपल्या देशातील विमानविद्येला पाण्याशी झगडणे नवे नाही. जे. आर. डी. टाटा यांनी १९२९ साली वैमानिकाचा परवाना मिळविला आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी पस मॉथ या लहान विमानातून कराचीहून मुंबईस टपाल आणले. मुंबईचा त्यांचा तळ जुहूचा. पावसाळ्यात ते मैदान चिखलात बुडून जाई, आणि सारा कारभार काही महिन्यांसाठी पुण्यास हलवावा लागे. मैदानावरचे पाणी निदान डोळ्यांना दिसते. विमानाच्या पोटात शिरलेले पाणी दिसत नाही, आणि धोका आहे तो त्याचाच.

प्रथम इंधनाची टाकी घेऊ. अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली, तर उरलेल्या जागेतील दमट हवा पहाटे थंड होते आणि तिच्यातील बाष्प टाकीच्या भिंतीवर दवासारखे जमते. टाकीच्या झाकणाची रबरी चकती झिजली असेल, तर पावसाचे पाणीही आत उतरते. एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे ७२० ग्रॅम, तर पाण्याचे १००० ग्रॅम. म्हणून पाणी तळाशी बसते, आणि इंजिनाकडे जाणारी नळीही तळाजवळूनच निघते. यावर उपाय दोन. उड्डाण संपताच टाकी भरून ठेवावी, म्हणजे दमट हवेस आत जागाच उरत नाही. दुसरे, पहिल्या उड्डाणापूर्वी आणि प्रत्येक वेळी इंधन भरल्यावर तळाच्या तोटीतून थोडे इंधन काचेच्या पेल्यात काढून उजेडात पाहावे. पाणी असेल तर दोन थर दिसतात. येथे नवशिका फसतो तो असा की, पेल्यात सारे पाणीच आले असेल तर थरांमधली रेषा दिसत नाही, आणि द्रव स्वच्छ आहे असे पाहून तो समाधान मानतो. विमानासाठीच्या शिसेयुक्त पेट्रोलला निळसर रंग देतात. पेल्यातील द्रव बिनरंगी दिसला, तर शंका घेतलीच पाहिजे.

काही हलकी इंजिने मोटारीच्या पेट्रोलवर चालतात. आज आपल्या पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. हलक्या विमानांत पुष्कळ वापरल्या जाणाऱ्या रोटॅक्स ९१२ या इंजिनास मात्र १० टक्क्यांपर्यंतचीच मुभा आहे. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि मर्यादेपलीकडे शोषल्यावर पाण्यासह पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. स्वस्त पडते म्हणून रस्त्यावरचे पेट्रोल टाकीत ओतणे हा खोटा हिशेब आहे.

पाण्याचे दुसरे रूप अधिक चमत्कारिक आहे. ते म्हणजे बर्फ. तंजावरसारख्या गावी इंजिनात बर्फ व्हावा, हे प्रथम कोणासही खरे वाटत नाही. कार्ब्युरेटरमध्ये हवा एका अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तेथे तिचा दाब उतरतो. त्याच ठिकाणी पेट्रोलचे बाष्प होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता ते आसपासच्या हवेतून व धातूतून ओढून घेते. माठातील पाणी गार होते ते याच नियमाने. परिणामी तेथील तपमान तीस अंशांहूनही अधिक उतरू शकते. बाहेर २५ अंशांची दमट, पावसाळी हवा असेल, तर गळ्यातील झडपेवर बर्फाचे थर चढू लागतात आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. कोरड्या व कडक थंडीपेक्षा ही सौम्य ओली हवाच अधिक घातक ठरते. थ्रॉटल जवळजवळ मिटवून खाली उतरत असता तर धोका सर्वांत मोठा असतो, कारण त्या वेळी वाट मुळातच अरुंद झालेली असते.

ज्या विमानाच्या प्रॉपेलरची पाती अचल असतात, त्यात पहिली खूण म्हणजे थ्रॉटलला हात न लावता फेरे हळूहळू कमी होणे. अशा वेळी निष्कास नळीभोवती तापलेली हवा कार्ब्युरेटरमध्ये घेणारी मूठ पूर्ण ओढावी. गरम हवा विरळ असल्याने फेरे आणखी उतरतात, आणि वितळलेले पाणी इंजिनात गेल्यामुळे ते क्षणभर खडखडते. नवशिका घाबरून मूठ परत ढकलतो आणि होणारा उपाय आपल्या हाताने बंद पाडतो. धीर धरल्यास फेरे पुन्हा चढतात.

बाष्प आणखी एका रीतीने अडचण करते. पाण्याचा रेणू हवेच्या सरासरी रेणूपेक्षा हलका आहे. म्हणून दमट हवा, जड भासली तरी, कोरड्या हवेपेक्षा किंचित विरळच असते. त्यात उष्णतेची भर पडते. मे महिन्यात तपमान ३८ अंशांवर गेले, की समुद्रसपाटीजवळच्या तंजावरात विमान जणू ९०० मीटर उंचीवरच्या गावाहून निघाल्यासारखे वागते. धाव लांबते, चढ मंदावतो. दोन माणसे व भरलेली टाकी घेऊन निघायचे असेल, तर पहाटेची वेळ धरावी.

उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडले, तर धावपट्टीकडे मागे वळण्याचा मोह होतो. कमी उंचीवर तो प्राणघातक ठरतो. वळताना वेग घटतो, पंखांवरची उचल नाहीशी होते आणि विमान कोसळते. नाक ताबडतोब खाली करून वेग राखावा आणि समोर थोडे डावी-उजवीकडे जे मोकळे शेत दिसेल तेथे उतरावे. कापणी झालेले कोरडे रान उत्तम. पाण्याने भरलेल्या खाचरात चाके रुततात आणि विमान नाकावर उलटते. दुसरा इलाजच नसेल, तर बांध आडवा येणार नाही असे पाहून, शक्य तेवढ्या कमी वेगाने टेकावे आणि दारे आधीच उघडी करून ठेवावीत.

आता उभ्या विमानाविषयी. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे एक लिटरच पाणी तयार होते. त्यातील बरेचसे निष्कास नळीतून जाते, पण काही भाग पिस्टनच्या बाजूने तेलात उतरतो. उड्डाणात तेल चांगले तापते आणि हे पाणी उडून जाते. म्हणून महिनोन्‌महिने न उडविलेले इंजिन जमिनीवर पाच मिनिटे फिरवून ठेवणे, ही पुष्कळ मालकांची आवडती सवय अपायकारकच आहे. त्याने तेलात पाणी वाढते, आणि आतील पोलादी भागांवर गंज धरतो. उडवायचे नसेल, तर मुळीच चालू करू नये आणि निर्मात्याने सांगितलेली दीर्घ साठवणीची तजवीज करावी.

लाकडी विमानांचे दुखणे निराळे. १९४४ साली भारतातील मॉस्किटो या लाकडी लढाऊ विमानांचे पंख उड्डाणात मोडू लागल्याने ती काही काळ जमिनीवर ठेवावी लागली. दोष आधी उष्ण, दमट हवेच्या माथी गेला. पुढे तपासात असे दिसले की, सांध्यांच्या जोडकामातील हयगयही त्यास कारण होती.

कुंभारीण माशीचाही येथे उल्लेख केला पाहिजे. विमानाचा वेग दाखविणारी पिटो नळी बोरूएवढी बारीक असते, आणि ही माशी खाचरातील ओला चिखल आणून थोड्या दिवसांत ती बुजवून टाकते. नळीवर टोपण घालावे, त्यास लांब लाल फीत बांधावी आणि उड्डाणापूर्वी ते न विसरता काढावे.

जुने विमान विकत घेणाऱ्याने नोंदवही पाहताना उड्डाणाचे एकूण तास तेवढे पाहू नयेत. ते तास किती वर्षांत पसरले आहेत, हेही पाहावे. समुद्राजवळच्या छपराखाली दहा वर्षांत शंभर तास उडालेल्या इंजिनापेक्षा, तेवढ्याच काळात हजार तास नियमित उडालेले आणि वेळच्या वेळी तपासलेले इंजिन पुष्कळदा अधिक निरोगी निघते.