फळी लाटेसारखी कापली जाते? आधी ब्लेडचा ताण बघा



1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी. या दोन महिन्यांत होड्या वर ओढायच्या, कुजलेल्या फळ्या बदलायच्या. मग संस्थेच्या फिरत्या बँड सॉ मशीनला उसंत नसते. म्हणून बंदीच्या आधीच हे लिहितो आहोत.

गेल्या वर्षी एका सभासदाच्या होडीसाठी लाकूड कापताना फळी सरळ येईना. कुठे जाड, कुठे पातळ. अशी फळी बसवली तर सांधा मिळत नाही, कितीही कापूस भरला तरी पाणी आत येतंच. आम्ही ब्लेडला दोष दिला, दोन नवी ब्लेडं आणली. तरी तेच! गेजचा काटा तर बरोबर जागेवर होता.

शेवटी मेस्त्रींनी ब्लेड काढून ताणाचं चाक सरकवून पाहिलं. ते हलेचना. चाक ज्या पट्टीवर पुढेमागे सरकतं, ती खाऱ्या हवेने गंजून आणि भुसा बसून धरली होती. तेलाचा दाब जोर लावत होता, गेज तो जोर दाखवत होता, पण ब्लेडपर्यंत तो पोचतच नव्हता. लाकूड वाया गेलं, चार दिवस गेले. चूक आमचीच, पट्टी कधी पुसलीच नव्हती.

तेव्हापासून आम्ही हे पाळतो:

1. दर आठवड्याला इंजिन बंद करून, चावी काढून, ब्लेड उतरवायचं. सरकपट्टी पुसून तेल लावायचं आणि चाक सहज सरकतं का ते बघायचं. ताणाच्या स्क्रूला ग्रीस द्यायचं.

2. ताण मशीनच्या पुस्तकात दिलाय तेवढाच. जास्त ताणलं की ब्लेडला चीर जाते, कमी पडला की ब्लेड भरकटतं.

3. कापताना ब्लेड गरम होऊन लांबतं आणि ताण उतरतो. म्हणून नवीन ओंडका चढवला की गेज बघायचं.

4. काम संपलं की ताण सैल करायचा. गरम ब्लेड थंड होताना आखडतं, त्याचा ओढा चाकांवर आणि बेअरिंगवर येतो. चाकावरच्या रबरी पट्ट्यालाही खड्डा पडतो, मग मशीन थरथरतं. सैल केल्यावर हँडलला चिठ्ठी अडकवायची: "ताण सैल आहे". सकाळी चालू करणाऱ्याला कळलं पाहिजे.

5. ब्लेड थंड आहे, मशीन बंद आहे, तरी अर्ध्या तासात काटा खाली आला तर सील किंवा जोड गळतोय. गळती बोटाने शोधू नका. दाबाचं तेल कातडीत घुसतं. पुठ्ठा धरून बघा.

ब्लेडला हात लावताना जाड हातमोजे आणि चष्मा हवाच. ताणलेलं ब्लेड सुटलं तर कोणाला ओळखत नाही.

बोटमालकांना एक विनंती. आपली फळी कापताना स्वतः हजर राहा आणि दुसरी फळी घेण्याआधी पहिलीची जाडी दोन्ही टोकांना आणि मधे मोजून घ्या. फरक दिसला तर काम तिथेच थांबवायला सांगा, कोणी रागावणार नाही. वाकडी फळी जमिनीवर सापडलेली बरी, दर्यात नको.

मशीनसाठी नावं संस्थेच्या कार्यालयात नोंदवावीत.

आपले,
संस्थेचे सचिव व कार्यकारी मंडळ