नेमबाजीची रायफल घेताना पारख कशाची करावी?

१ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन या प्रकारात कांस्यपदक मिळविले. खाशाबा जाधव यांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याआधी २०१० साली कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत म्युनिक येथे ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या होत्या. स्वप्नीलचे पदक आल्यापासून आमच्या दुकानात बसणाऱ्या मंडळींत एक प्रश्न वरचेवर निघतो. पोरगा क्लबात चांगले गुण काढतो, आता स्वतःची रायफल मागतो, कोणती घेऊन द्यावी?

मी कापडाचा व्यापारी. पण भाच्याबरोबर रेंजवर बसून बरेच पाहिले आणि विचारले, त्यातले उपयोगाचे तेवढे सांगतो. परदेशी बनावटीची नवी रायफल काही लाखांची वस्तू आहे. लहान दुकानदाराचे वर्षाचे भांडवल त्यात अडकू शकते. चुकीची घेतली तर ती बदलून मिळत नाही, आणि दरम्यान मुलाचे वय निघून जाते.

या खेळात .२२ लाँग रायफल या काडतुसाची बोल्ट ॲक्शन रायफल वापरतात. दुकानाच्या दाराची सरकती कडी आठवा. दांडा पुढे सरकवायचा, मूठ खाली फिरवायची, की दार पक्के बंद. बोल्टचे तेच आहे. काडतूस नळीच्या तोंडात बसते आणि मागून पक्के दाबले जाते. आपोआप भरणाऱ्या रायफलीत बार होताच आतले भाग मागे-पुढे धावतात. इथे नेमबाज स्वतः हाताने मूठ उचलेपर्यंत बोल्ट जागचा हलत नाही. दर बाराला सर्व काही त्याच जागी, त्याच दाबाने बसते. अचूकपणा म्हणजे हाच एकसारखेपणा. सामन्यात प्रत्येक काडतूस हाताने एकेक भरायचे असते, म्हणून मॅगझीनसाठी जादा दाम मोजण्याचे कारण नाही.

अचूकपणा किती लागतो, तेही पाहू. ५० मीटरवरच्या निशाणीचे दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे. गोळी ५.६ मिलिमीटर जाड. गोळीची कड वर्तुळाला लागली तरी दहा गुण मिळतात. म्हणजे गोळीचा मध्य निशाणीच्या मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत हवा. सामन्यात गुडघ्यावर २०, झोपून २० आणि उभ्याने २० असे ६० बार. पॅरिसच्या पात्रता फेरीत कुसाळे यांनी ६०० पैकी ५९० गुण काढले होते. अंतिम फेरीत तर दशांशाने गुण मोजतात, तिथे १०.९ हा सर्वांत मोठा आकडा.

आता बाजारातील नावे. जर्मनीतील आन्शुट्झ ही १८५६ पासूनची कंपनी. तिचा कारखाना उल्म शहरात, वाल्थरचाही तिथेच. तिसरे नाव फाइनवेर्कबाऊ. या तिन्हींच्या सामन्याच्या रायफली जागतिक स्पर्धांत दिसतात, आणि त्यांत नावावरून कोणी श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवू लागला तर तो विक्रेता समजावा. आपल्या सरकारी ऑर्डनन्स कारखान्याची .२२ स्पोर्टिंग रायफलही मिळते. हात बसवायला ती ठीक, पण तिचा दस्ता शरीराप्रमाणे लांब-आखूड, वर-खाली होत नाही.

आणि खरी पारख या दस्त्याचीच. गालाची पट्टी, खांद्याचा टेकू, हाताचा आधार हे सर्व सरकवता आले पाहिजे, कारण झोपून जे माप बसते ते उभ्याने बसत नाही. मुलाला डोळे मिटून रायफल खांद्याला लावायला सांगा आणि मग डोळे उघडायला सांगा. मागच्या गोल छिद्रातून पुढची मक्षी मान न वाकवता समोर दिसली, तर माप जमले. मान ओढावी लागली, तर किंमत कितीही असो, ती रायफल त्याची नव्हे. शेरवानी दुसऱ्याच्या मापाची असेल, तर जरीकाम चांगले म्हणून ती अंगाला बसत नाही.

डोळाही तपासावा. आमच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याने मुलासाठी उजव्या हाताची उत्तम रायफल घेतली. वर्षभर गुण अडलेलेच. पुढे एका प्रशिक्षकाने तपासले, तेव्हा मुलाचा डावा डोळा प्रबळ निघाला. डाव्या हाताची रायफल, म्हणजे बोल्टची मूठ डाव्या बाजूला असलेली, वेगळी मिळते. दुरून एखाद्या वस्तूकडे बोट रोखायचे आणि एकेक डोळा मिटून पाहायचे. ज्या डोळ्याने बोट वस्तूवरच राहते तो प्रबळ. फुकटची परीक्षा, पण तो बिचारा ती करायची विसरला आणि पैसे मात्र मोजून दिले.

चाप हलका आणि दोन टप्प्यांचा असावा. पहिल्या टप्प्यात बोट थांबते, दुसऱ्यात काच तुटावी तसा स्वच्छ सुटतो. जास्त लिहायला नको, बोटालाच कळते.

नळीबद्दल मात्र सावध राहावे, विशेषतः जुनी रायफल घेताना. नळीचे पुढचे तोंड जरासे ठोकले गेले असेल, तर गोळी सुटताना एका बाजूला ढकलली जाते. आत, काडतूस बसते त्याच्या लगेच पुढे, हजारो बारांनंतर झीज होते. वरून पॉलिश चकचकीत असते आणि खरा हिशेब आत असतो. तेव्हा नळी किती बार चालली ते विचारा, पण उत्तरावर विसंबू नका. रायफल शिकंज्यात किंवा भक्कम टेकूवर ठेवून ५० मीटरवर दहा-दहा बारांचे चार-पाच नमुने काढायला लावा. दहाही भोकांचे बाहेरून बाहेर माप २१.६ मिलिमीटरच्या आत आले, तर रायफलीकडून दहाही बार दहाचे मिळू शकतात. सामन्यासाठी घ्यायची तर याहून बरीच लहान जुळणी मागावी, कारण माणसाच्या हाताची चूक त्यात आणखी भरायची असते.

इथे काडतुसाची गोष्ट येते, आणि ती रंगाऱ्याशी व्यवहार करणाऱ्याला लगेच समजेल. एकाच रंगाचे दोन तागे वेगवेगळ्या लॉटचे असले, तर उन्हात फरक दिसतो. एली, लापुआ, आरडब्ल्यूएस यांच्या काडतुसांचेही तसेच. डबी तीच, नाव तेच, पण लॉट बदलला की त्याच नळीतून जुळणी बदलते. .२२ चे काडतूस घरी भरता येत नाही, त्याची स्फोटक पूड पितळी कडेत कारखान्यातच भरलेली असते. म्हणून चांगले नेमबाज आपली नळी घेऊन अनेक लॉट तपासतात आणि जो जुळेल तो एकदम उचलतात. वेगवान काडतूस चांगले हा समजही चुकीचा. सामन्याचे काडतूस ध्वनीच्या वेगापेक्षा थोडे कमीच पळते, कारण तो वेग ओलांडून पुन्हा खाली येताना गोळी डळमळते.

म्हणून माझा हिशेब असा, की सर्व रक्कम रायफलीत घालू नये. मध्यम किमतीची, मापात बसणारी रायफल आणि हाताशी भरपूर एकाच लॉटची काडतुसे, हे महागड्या रायफलीपेक्षा आणि मोजक्या डब्यांपेक्षा अधिक गुण देते. जॅकेटही विसरू नये. त्याची जाडी २.५ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही आणि कडकपणाही यंत्राने मोजतात. कॅनव्हास व चामड्याचे हे शिवणकाम मापाने करणारे कारागीर आपल्याकडे आहेत. मुंबईत शिवलेली जॅकेटे परदेशी नेमबाजही घालतात.

कागदांचे काम सौद्याच्या आधी करावे. .२२ रायफलीला शस्त्र अधिनियम १९५९ खाली परवाना लागतो, आणि परवान्यासाठी सर्वसाधारणपणे वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. तोवर क्लबाच्या रायफलीवर, देखरेखीखाली सराव करावा. आयातीची सवलत राष्ट्रीय पातळीवरील गुणांवरून मिळणाऱ्या दर्जावर अवलंबून असते, तेव्हा आधी गुण, मग आयात. जुनी रायफल कोणाच्या घरून हातोहात घेऊन येऊ नये, परवान्यावर नोंद झाल्यावरच ताब्यात घ्यावी. आणि काडतुसे घेताना प्रत्येक डबीवरचा लॉट क्रमांक दुकानातच वाचून पाहावा. एक डबी वेगळ्या लॉटची निघाली तर तिथेच परत करावी.