सांडपाणी केंद्राला कसला आलाय धोका?

पिण्याच्या पाण्याच्या टाकीभोवती कुंपण हवं, पहारा हवा, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मैलापाणी प्रक्रिया केंद्राच्या बाबतीत मात्र सुरक्षेचा विषय निघाला की लोक चकित होतात. तिथे चोरण्यासारखं आहे तरी काय? बाकीचे बरेचसे गैरसमज याच प्रश्नातून जन्मतात.

गैरसमज : घाण पाण्याच्या केंद्रावर कोण कशाला हल्ला करील?

वस्तुस्थिती : असा हल्ला पाव शतकापूर्वीच झाला आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या मरूची भागात मैलापाण्याची 142 पंपिंग स्टेशनं रेडिओ संदेशांवर चालत. 2000 सालच्या सुरुवातीला ती विचित्र वागू लागली. चालायला हवे ते पंप बंद पडत, धोक्याचे इशारे नियंत्रण कक्षापर्यंत पोचत नसत. यंत्रणा नवी होती, त्यामुळे अभियंते बिघाड शोधत राहिले. प्रत्यक्षात, ती यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीतून बाहेर पडलेला एक माणूस लॅपटॉप आणि रेडिओ संच गाडीत ठेवून फिरत होता आणि स्टेशनांना खोटे आदेश पाठवत होता. स्थानिक परिषदेने त्याला नोकरी नाकारली होती. त्याने हे किमान 46 वेळा केलं. सुमारे 8 लाख लिटर कच्चा मैला उद्यानांत, ओढ्यांत, एका मोठ्या हॉटेलच्या आवारात पसरला. ओढ्याचं पाणी काळं पडलं, जलचर मेले, रहिवाशांना दुर्गंधीने राहणं नकोसं झालं. एप्रिलमध्ये पोलिसांनी त्याची गाडी अडवली, आणि 2001 साली न्यायालयाने त्याला दोन वर्षांची कैद सुनावली.

या माणसाला काहीही चोरायचं नव्हतं आणि त्याने कुठलं कुलूपही फोडलं नाही. यंत्रणा त्याला आतून-बाहेरून ठाऊक होती, एवढं पुरलं. आपल्याकडेही अनेक केंद्रं कंत्राटदार चालवतात. टेंडरची मुदत संपते, नवा ठेकेदार येतो. जुन्याच्या माणसांकडे असलेले पासवर्ड त्या दिवशी बदलले जातात का? माझ्या मते कुठल्याही महापालिकेला विचारण्याजोगा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

गैरसमज : यंत्रणा इंटरनेटला जोडलेली नाही, म्हणजे निर्धास्त.

वस्तुस्थिती : मरूचीत इंटरनेटचा संबंध नव्हता, रेडिओ लहरी पुरेशा ठरल्या. इंटरनेट असतं तिथे काय होतं, ते नोव्हेंबर 2023 मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ॲलिक्विपा इथे दिसलं. इराणशी संबंधित गटाने तिथल्या पाणीपुरवठ्याच्या एका पंपिंग केंद्रातलं नियंत्रण उपकरण ताब्यात घेतलं. अशी उपकरणं सांडपाणी केंद्रांतही असतात. त्यांचा कारखान्यातून आलेला पासवर्ड ‘1111’ वापरू नका, असं सरकारी यंत्रणेला त्यानंतर जाहीरपणे बजावावं लागलं.

गैरसमज : काही बिघडलं की समजावं, हॅकरने केलं.

वस्तुस्थिती : फेब्रुवारी 2021 मध्ये फ्लोरिडातल्या ओल्ड्समारच्या जलशुद्धीकरण केंद्रात कुणीतरी बाहेरून कॉस्टिक सोड्याचं प्रमाण वाढवल्याची बातमी जगभर गेली. पुढे एफबीआयला बाहेरच्या घुसखोरीची खात्री करता आली नाही, आणि शहराच्या तत्कालीन व्यवस्थापकाने ती कर्मचाऱ्याची चूक असावी असं सांगितलं. कुणी कधी काय केलं याची चोख नोंद असली, तर घातपात कोणता आणि चूक कोणती हे कळतं. ती नसली की अफवा उरते.

गैरसमज : आता धोका फक्त संगणकातून येतो.

वस्तुस्थिती : प्रक्रिया केलेलं पाणी निर्जंतुक करायला अनेक ठिकाणी क्लोरीन वायू वापरतात. हा वायू हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असतो. गळती झाली की तो जमिनीलगत पसरतो आणि सखल वस्तीत साचतो. वॉशिंग्टनच्या ब्लू प्लेन्स केंद्रात तो 90 टनांच्या रेल्वे टँकरमधून येत असे. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर काही आठवड्यांतच तिथे तो बंद करून सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण वापरायला सुरुवात झाली. पहारा वाढवण्यापेक्षा धोकादायक वस्तूच दूर करण्याचा हा निर्णय मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. त्यासाठी हॅकर पकडावा लागत नाही.

गैरसमज : यासाठी कायदे असतीलच.

वस्तुस्थिती : अमेरिकेत 2018 च्या कायद्याने 3,300 हून अधिक लोकांना पिण्याचं पाणी पुरवणाऱ्या संस्थांवर धोक्याचं मूल्यमापन बंधनकारक केलं. सांडपाणी संस्थांना ते बंधन नाही. धोकादायक रसायनांच्या सुरक्षेचे जे केंद्रीय नियम होते, त्यांतूनही पाणी आणि सांडपाणी केंद्रं वगळलेली होती, आणि जुलै 2023 मध्ये त्या नियमांचीच मुदत संपली.

भारतात सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार सरकारी संस्थांनाही सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते. पण घटना घडली हे आधी ओळखता तर आलं पाहिजे! केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020-21 च्या अहवालाप्रमाणे देशातल्या शहरांत रोज 72,368 दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होत होतं, आणि उभारलेली प्रक्रियाक्षमता 31,841 दशलक्ष लिटर होती. म्हणजे यापुढे शेकडो केंद्रं बांधावी लागतील. पासवर्ड, नोंदी, क्लोरीनचा पर्याय आणि ठेकेदार बदलतानाची तपासणी या अटी बांधकामाच्या टेंडरमध्येच घालायला हव्यात. तुमच्या शहरात नवं केंद्र मंजूर होत असेल, तर नगरसेवकाला या चार अटींबद्दल आत्ताच विचारा.