क्षेपणास्त्र संरक्षण चाचण्यांतील सांख्यिकीय विश्वासपातळी

मोजक्या चाचण्यांवरून क्षेपणास्त्र संरक्षण यंत्रणेच्या खऱ्या क्षमतेविषयी किती खात्रीने बोलता येते, हे दर्शविणारे माप म्हणजे सांख्यिकीय विश्वासपातळी होय. तोफगोळे शेकड्यांनी डागून पारखता येतात. आंतरखंडीय क्षेपणास्त्र आकाशातच पाडण्याची चाचणी मात्र क्वचितच परवडते. अमेरिकेने ३० मे २०१७ रोजी घेतलेल्या अशा एकाच चाचणीचा खर्च सुमारे २४.४ कोटी डॉलर होता. परिणामी नमुना लहान राहतो आणि त्यावरून काढलेली टक्केवारी वरवर पाहता वाटते तितकी भक्कम नसते.

अमेरिकेची 'ग्राउंड-बेस्ड मिडकोर्स डिफेन्स' ही यंत्रणा याचे ठळक उदाहरण आहे. तिची रोधक क्षेपणास्त्रे अलास्कातील फोर्ट ग्रीली व कॅलिफोर्नियातील व्हॅन्डनबर्ग येथे तैनात आहेत. १९९९ ते मार्च २०१९ या काळातील १९ लक्ष्यभेद चाचण्यांपैकी ११ यशस्वी झाल्या, म्हणजे सुमारे ५८ टक्के. तथापि ९५ टक्के विश्वासपातळीवर या आकड्यांतून निघणारा अंतराल सुमारे ३४ ते ८० टक्के इतका रुंद आहे. शिवाय या वीस वर्षांत यंत्रणेत वेळोवेळी बदल होत गेले. त्यामुळे सर्व चाचण्या एकाच वस्तूच्या मानणे हेही काटेकोरपणे योग्य नाही.

निर्भेळ यशानेही प्रश्न सुटत नाही. १० पैकी १० चाचण्या यशस्वी झाल्या, तरी ९५ टक्के विश्वासाने यशाचे प्रमाण किमान ७४ टक्के आहे, एवढेच म्हणता येते. तेच प्रमाण किमान ९० टक्के असल्याचे दाखवायचे, तर एकही अपयश न येता सलग २९ चाचण्या पार पडाव्या लागतात.

एका लक्ष्यावर अनेक रोधके डागून ही उणीव भरून काढता येते, असे मानले जाते. प्रत्येकाचे यश ५८ टक्के धरल्यास चारांपैकी किमान एक लागण्याची शक्यता सुमारे ९७ टक्के येते. मात्र या हिशेबात प्रत्येक रोधकाचे अपयश इतरांपासून स्वतंत्र असल्याचे गृहीत धरलेले असते, आणि खरी मेख तिथेच आहे. डिसेंबर २०१० मधील चाचणी मार्गदर्शन उपकरणावरील कंपनांमुळे फसली. त्याच रचनेची रोधके तेव्हा आधीच तैनात होती. दोष रचनेतच असेल, तर चारही रोधके एकाच कारणाने चुकू शकतात. त्या रचनेची पहिली यशस्वी लक्ष्यभेद चाचणी जून २०१४ मध्ये झाली.

चाचण्यांची उणीव संगणकीय सिम्युलेशनने भरून काढली जाते. पण सिम्युलेशनची विश्वासार्हता पडताळण्यासाठी पुन्हा प्रत्यक्ष चाचण्यांचीच माहिती लागते.

युद्धातील नोंदीही निर्णायक असतातच असे नाही. १९९१ च्या आखाती युद्धात पॅट्रियट क्षेपणास्त्रांनी सौदी अरेबियात ८० टक्के व इस्राएलमध्ये ५० टक्के यश मिळविल्याचा दावा अमेरिकी सैन्याने प्रथम केला. पुढे हे आकडे ७० व ४० वर आणले गेले. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाला १९९२ मध्ये केवळ सुमारे ९ टक्के प्रसंगांत स्फोटकाग्र नष्ट झाल्याचा सबळ पुरावा आढळला. उरलेल्या प्रसंगी पॅट्रियट चुकलेच, असा याचा अर्थ नव्हे. तेथे काय घडले हे खात्रीने ठरविण्याइतकी नोंदच झालेली नव्हती.